सावित्रीच्या खाडीची नाडीपरीक्षा

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाड ओलांडून बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते. पोलादपूरपाशी तिचे पाणी एकाच दिशेने, उताराकडे वाहते. पुढे भरतीचे पाणी पार महाडच्या परिसरापर्यंत चढते आणि नदीची खाडी होते. म्हणूनच समुद्रापासून इतके आत असूनही महाड हे जुन्या काळी बंदर होते.

महाडला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. तेथील सांडपाणी प्रक्रिया करून खाडीत सोडले जाते. ओहोटीबरोबर ते समुद्राकडे निघते खरे. पण सुमारे सहा तासांनी भरती त्यातील बरेचसे परत आणते. पावसाळ्यात पुराचा लोंढा खाडी धुऊन काढतो. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते आणि तेच पाणी अनेक दिवस खाली-वर हेलकावत राहते. प्रक्रियेत राहिलेली उणीव तेव्हा माशांना, आणि त्यांच्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना, अधिक भोवते.

मग खाडीची प्रकृती ओळखावी कशी? पाण्यात विरघळलेला प्राणवायू ही तिची नाडी होय. घाण कुजविणारे जीवाणू तो वापरतात. तो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरू शकत नाहीत. मात्र एक मेख आहे. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६. म्हणजे ६ हा आकडा बाणकोटला जवळजवळ पूर्ण, तर पोलादपूरला थोडा उणा! यासाठी प्राणवायूबरोबर क्षारता, तापमान, जागा आणि भरती-ओहोटीची वेळही नोंदवावी लागते.

अशा नोंदींचा उपयोग काय? लंडनच्या टेम्स नदीची खाडी १९५७ साली जीवशास्त्रीय दृष्ट्या मृत ठरविली गेली होती. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे सुधारल्यावर प्राणवायू वाढला. विद्युतकेंद्रांच्या जाळ्यांवर अडकणाऱ्या माशांची १९६४ पासून नोंद ठेवली गेली, तेव्हा एकेक जात परतताना दिसली. १९७४ मध्ये सामन मासाही सापडला.

पोलादपूर, महाड आणि बाणकोट येथील शाळांनी शिक्षकांच्या मदतीने ठरलेल्या दिवशी, भरतीला व ओहोटीला अशी मोजणी केली तर? एका आकड्याने फारसे कळणार नाही. वर्षभराच्या वहीतून मात्र खाडी सुधारते आहे की खंगते आहे, हे स्पष्ट दिसेल.