माहूरला चल, पण पायी

बारावीनंतर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी रात्री दोनपर्यंत धिंगाणा. दुसऱ्या वर्षी फक्त ‘हॅपी बर्थडे भावा’. तिसऱ्या वर्षी तेही नाही. एक जण पुण्याच्या अभ्यासिकेत, एक नागपूरला, आणि एक उमरखेडलाच राहिलेला. गावंडे कॉलेजात नाव घातलंय, पण दिवस सगळा शेतात जातो. दिवाळीत भेट होते, स्टँडसमोर चहा होतो, “अजून काय?” असं तीनदा विचारून होतं आणि मग दोघंही मोबाइल काढता. भांडण झालेलं नसतं. तरी काहीतरी अडलेलं असतं.

अशा दोस्ताला यंदा सुट्टीत हॉटेलात नेऊ नका. माहूरला न्या.

“ह्या, माहूर तर पन्नासदा झालंय!” असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे. आपल्याकडच्या निम्म्या घरांची कुलदेवता तिथली रेणुका. पण आठवून बघा, ते पन्नास वेळा कसे गेलात? क्रूझरमध्ये कोंबून, मामा-मावशीच्या मांडीवर झोपत. पायऱ्या, दर्शन, कुटलेल्या विड्याचा तांबूल, परत गाडी. डोंगर तुम्ही खिडकीतून पाहिला आहे. मी चालत जायचं म्हणतोय.

उमरखेडहून महागाव, धनोडा करत एसटी पैनगंगेचा पूल ओलांडते आणि विदर्भ संपून मराठवाडा लागतो. विद्यापीठसुद्धा बदलतं, अमरावतीचं जाऊन नांदेडचं येतं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तर हे पाणी म्हणजे निजामाच्या राज्याची हद्दच होती. देवीला जाणाऱ्यांनी ती हद्द फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

गावातून वर बघितलं की डोंगरांची रांग दिसते आणि त्यात तीन शिखरं: रेणुका, दत्त आणि अनसूया. सगळ्याभोवती सागाचं जंगल. पावसाळ्यात सागाची पानं सुपाएवढी होतात आणि वर पांढऱ्या फुलोऱ्याचे तुरे येतात. पाऊस आला की थेंब अंगावर पडायच्या आधी पानांवर वाजतो, त्यामुळे पळायला दहा सेकंद मिळतात. श्रावणात नारळी पौर्णिमेला इथली परिक्रमा असते. सर्वतीर्थावर आंघोळ करून लोक जंगलातल्या वाटेने डोंगरांना वळसा घालतात. अनवाणी म्हाताऱ्या तुम्हाला मागे टाकून पुढे जातील, लाज वाटून घेऊ नका. गर्दी आवडत असेल तर तोच दिवस धरा. दोघांनाच बोलायचं असेल तर मात्र नवरात्र आणि दत्तजयंतीही टाळा, साधा बुधवार बघा.

वाटेतल्या प्रत्येक देवळाला गोष्ट आहे. मातृतीर्थाची तर फारच ताकदीची. परशुराम कावडीत एका बाजूला मारल्या गेलेल्या बापाला, जमदग्नीला, आणि दुसऱ्या बाजूला आईला घेऊन इथवर आला. दत्तात्रेयांनी अंत्यविधी सांगितले. त्याने बाण मारून पाणी काढलं, तेच हे तीर्थ. रेणुका सती गेली. मग आकाशवाणी झाली की आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. पोराला राहवलं नाही, त्याने पाहिलं. तोवर फक्त मुख वर आलं होतं. म्हणून देवळात पूर्ण मूर्ती नाही, तांदळा आहे. लहानपणी ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकली होती. घर सोडून होस्टेलला राहिल्यावर ऐका, वेगळी लागते.

दत्ताबद्दल असं मानतात की तो भिक्षा कोल्हापूरला मागतो आणि झोपायला माहूरला येतो. महानुभावांचंही हे मोठं ठिकाण, त्यांचं देवदेवेश्वर मंदिर इथेच आहे. गावात सोनापीरचा दर्गा, थोडं लांब वझऱ्याला शेख फरीदचा दर्गा आणि धबधबा. एकाच डोंगरात एवढे सगळे शेजारी.

रामगड किल्लाही चुकवू नका. माहूरची देशमुखीण रायबागन मुघलांकडून लढायची. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा त्या फौजेत ती होती. इतिहासाच्या पुस्तकात तिच्या वाट्याला फार तर एक ओळ येते.

पण दोस्ताचं काय? चहाच्या टेबलावर समोरासमोर बसलं की चेहरा सांभाळावा लागतो. चढावर तसं नसतं. दोघांची नजर वाटेवर, दम लागलेला, बोललं नाही तरी चालतं. पहिल्या शिखरापर्यंत शाळेतल्या मास्तरांच्या नकला होतील. दुसऱ्याकडे जाताना जरा शांतता. आणि मग कुठेतरी दगडावर बसून बाटली पुढे करत तो म्हणेल, “बाबांनी विहिरीसाठी कर्ज काढलंय बे.” किंवा तुम्हीच सांगाल की प्रिलिम दोनदा गेली आणि घरी एकदाचीच माहीत आहे.

तेव्हा सल्ला देऊ नका. शहरात दोन वर्षं काढली म्हणजे आपल्याला कापसाचं गणित कळतं असं नाही. आणि तुम्ही गावात राहिला असाल तर “तुझं काय बाबा, पुणेकर!” हा टोमणा आजच्या दिवशी खिशात ठेवा. पैशांचंही तेच, एकट्यानेच सगळं बिल भरून मोठेपणा करू नका. तिकीट एकाचं, फराळ दुसऱ्याचा.

रेणुकेच्या गडावर लिफ्ट आणि स्कायवॉक मंजूर झाला आहे. आजीच्या गुडघ्यांसाठी उत्तमच, दोनशेच्या वर पायऱ्या तिने का चढाव्यात? तुम्ही मात्र तो झाल्यावरही पायऱ्यांनीच जा.

बाकी व्यवहाराचं. सकाळची पहिली गाडी पकडा. पावसात शेवाळलेल्या दगडांवर गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज घसरतात, खाचांचे घाला. वानरं हातातली पिशवी ओढतात, प्रसाद सॅकमध्ये ठेवा. रिकाम्या बाटल्या परत आणा, डोंगरावर आधीच पुष्कळ पडल्यात. जंगल खरं आहे, पैनगंगा अभयारण्यही लांब नाही. या पट्ट्यात अस्वल आणि बिबट्या आहेत. तेव्हा रिल्ससाठी आडवाटेला शिरू नका आणि अंधाराच्या आत खाली या. तांबूलाच्या दोन पुड्या घ्या, एक त्याच्या आईसाठी, तुमच्या हाताने द्यायला. आणि शेवटच्या एसटीची वेळ माहूर स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.