वाहता कान आणि मेंदूतले गळू

मुलाचा कान वर्षानुवर्षे वाहतो आणि ‘मोठा झाला की थांबेल’ म्हणून आपण कोमट तेल सोडत राहतो. क्वचित हाच जंतुसंसर्ग कानाचे हाड पोखरून मेंदूत शिरतो आणि तेथे गळू होते. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, झटके, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, ही त्याची लक्षणे. ताप असेलच असे नाही. निदान सीटी स्कॅन किंवा एमआरआयने होते. बहुधा कवटीला छिद्र पाडून पू काढतात, त्यातले जंतू ओळखतात आणि साधारण ६ ते ८ आठवडे अँटिबायोटिक देतात, बरेचसे शिरेतून. बरे वाटले तरी औषध मध्येच सोडू नये. भगिनींनो, वाहत्या कानात तेल नको. मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.