किती ते किती? पावसाच्या नोंदी शोधताना होणाऱ्या चुका

पावसाबद्दल राजापूरकरांना काही सांगायला उभं राहणं म्हणजे धाडसच आहे. अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकाकडे सरकायला लागलं की माल माळ्यावर कधी चढवायचा, हे इथल्या दुकानदाराला कुठल्याही वेबसाइटच्या आधी कळतं. पण तोच दुकानदार उद्या विचारेल, "गेल्या ५० वर्षांत एका दिवसात २०० मिलिमीटरच्या वर पाऊस किती वेळा पडला?" तेव्हा आठवणीवर भागत नाही, नोंदी शोधाव्या लागतात. दुकानाचा कट्टा किती उचलायचा, ते त्या उत्तरावर ठरणार. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते डेटाबेसमधून 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' शोधण्याबद्दल.

हवामान खात्याने पट्टे ठरवून दिलेले आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. वेबसाइटवर दोन चौकटी द्यायच्या, 'पासून' आणि 'पर्यंत', आणि मागे डेटाबेसला 'बिट्वीन' लावून विचारायचं. पाच मिनिटांचं काम! आम्हालाही तसंच वाटलं होतं. सरावासाठी असं एक पान आम्ही केलं, ६४.५ ते ११५.५ टाकलं, आणि उत्तर आलं: एकही नोंद नाही. कोकणात! चुकीचा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत, नुसती रिकामी यादी.

झालं होतं असं की पावसाचा रकाना 'मजकूर' प्रकारचा ठेवला होता. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिलं अक्षर आधी. ९८ आणि ११५.५ यांत ९ हा १ च्या नंतर येतो, म्हणून ९८ मोठे ठरतात. खालची हद्द ६ ने सुरू होते आणि वरची १ ने, मग त्यांच्या मध्ये काय सापडणार? पुढच्या पट्ट्यात तर आणखी मजा. ११५.६ ते २०४.४ विचारलं तर १५० मिलिमीटरचा दिवस येतो, आणि त्याच्या शेजारी २ मिलिमीटरची भुरभुरही येऊन बसते. रिकामी यादी निदान संशय तरी आणते. ही दुसरी यादी भरलेली दिसते म्हणून लोक ती खरी धरतात, आणि आमच्या मते तीच जास्त घातक.

उपाय एकच, रकाना पहिल्यापासून दशांश संख्येचा ठेवायचा. जुना मजकूर संख्येत बदलताना मात्र डोळे उघडे ठेवा. कोणी '१८० मिमी' असं लिहिलेलं असतं, कोणी देवनागरी आकडे टाकलेले असतात. देवनागरी १८० ची संख्या करायला सांगितली तर पोस्टग्रेस थांबतो आणि चूक दाखवतो. मायएसक्यूएल निवडताना इशारा देऊन ते शून्य धरतो आणि पुढे जातो. पुराचा दिवस कोरडा झाला की!

आता हद्दींकडे या. 'बिट्वीन' दोन्ही टोकं धरून मोजतो. पर्जन्यमापकावर एका दशांशापर्यंत वाचन असतं, तोवर ११५.५ नंतर ११५.६ हे ठीक चालतं. पण तालुक्यातल्या चार-पाच मंडळांची सरासरी काढली आणि ती ११५.५४ आली, तर ती कुठल्या पट्ट्यात? कुठल्याच नाही. दोन पट्ट्यांच्या फटीतून ती खाली पडली. म्हणून आम्ही लिहितो ते असं: ६४.५ किंवा जास्त, आणि ११५.६ पेक्षा कमी. खालचं टोक धरायचं, वरचं सोडायचं. मग फट उरत नाही आणि एकच नोंद दोनदाही मोजली जात नाही.

वरची चौकट माणसाने रिकामी सोडली तर? जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराची संख्या करा, शून्य येतं. म्हणजे २०४.५ पासून शून्यापर्यंत शोधा, असा हुकूम जातो आणि पुन्हा यादी रिकामी. काही जण यावर तोडगा म्हणून ५०० ही कमाल हद्द आपल्या मनाने घालतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो दिवस अशा शोधात सापडणारच नाही! चौकट रिकामी असेल तर ती अटच लावायची नाही, एवढं साधं आहे. आणि चौकटीत आलेला मजकूर प्रश्नाच्या वाक्यात जसाच्या तसा चिकटवायचा नाही. वाक्यात जागा राखून ठेवायची आणि मूल्य वेगळं पाठवायचं. नाहीतर कोणी आकड्याऐवजी हुकूम लिहून पाठवेल.

वेगाचं थोडक्यात सांगतो. एका केंद्राच्या ५० वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे १८ हजारांहून थोड्या अधिक. रकान्यावर इंडेक्स असेल तर डेटाबेस खालच्या हद्दीवर थेट उतरतो आणि वरची हद्द येईपर्यंत पुढे चालत जातो, जसे आपण शब्दकोशात 'क' काढून 'ग'पर्यंत पानं उलटतो. पण अटीतच मजकुराची संख्या करायला लावलीत, तर साधा इंडेक्स कामी येत नाही, प्रत्येक ओळ तपासली जाते.

सगळ्यात जास्त ज्याची काळजी करावी ते आता. नोंद नसलेला दिवस. समजा, रस्त्यावर पाणी आलं आणि मोजणारा मापकापर्यंत पोचू शकला नाही. त्या दिवसाचा रकाना रिकामा, म्हणजे 'नल'. नल कुठल्याही हद्दीत बसत नाही. ६४.५ पेक्षा जास्तमध्ये नाही, कमीमध्येही नाही. त्यामुळे ज्या दिवशी पाऊस इतका की मोजायला जाता आलं नाही, नेमका तोच दिवस दोन्ही यादींतून गळतो. तिथे शून्य भरणं तर त्याहून वाईट. आम्ही आता यादीखाली वेगळी ओळ देतो: या मुदतीत इतक्या दिवसांची नोंद नाही, त्यांच्या तारखा अशा. त्या तारखा इथल्या कुणा जुन्या दुकानदाराला दाखवल्या तर तो सांगेल पाणी कुठवर आलं होतं.

मघाशी मागून एक चिठ्ठी आली: "पाणी १९ तारखेच्या रात्री शिरलं, नोंदीत पाऊस २० तारखेला का?" ही चूक नव्हे. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १९ च्या सकाळी साडेआठपासून २० च्या साडेआठपर्यंतचा पाऊस २० तारखेवर पडतो. म्हणून पुराची तारीख शोधताना 'पर्यंत'च्या चौकटीत एक दिवस पुढचा टाका.