कोरब्याचा कोळसा आणि रायपूरची कचेरी

वैशाखात रायपूरचा पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि बँका, दुकाने व कचेऱ्या यांतील वातानुकूलन यंत्रे सकाळपासूनच घरघरू लागतात. त्यांना लागणारी वीज कोठून येते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. हसदेव नदीकाठच्या कोरबा येथील एनटीपीसीचे केंद्र एकटेच २,६०० मेगावॉट क्षमतेचे असून छत्तीसगडप्रमाणे महाराष्ट्र व गोवा यांनाही तेथून वीज मिळते. कोळशावरील एका युनिटसाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. म्हणून कचेरीतील उधळपट्टी ही अखेर खाणीतील कोळशाचीच उधळपट्टी होय.

पूर्वीच्या घरांना मातीच्या जाड भिंती, वर कवेलू आणि पुढे ओसरी असे. उन्हाला दारातच अडवावे, हे त्यांतील शहाणपण होते. आज आपण काचेच्या भिंती उभारून उन्हाला आत घेतो आणि मग ते बाहेर काढण्यासाठी वीज जाळतो. यात एक मोठी अडचण आहे. इमारत बांधणारा एक व विजेचे बिल भरणारा दुसरा असतो. बांधताना वाचवलेला पैसा भाडेकरूला पुढे वर्षानुवर्षे भरावा लागतो.

ही अडचण केवळ उपदेशाने दूर होणारी नाही. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला व त्यानुसार २००७ मध्ये इमारतींसाठी संहिता तयार झाली. २०१७ च्या सुधारित संहितेत १०० किलोवॉट वा अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींच्या भिंती, छप्पर, काच, दिवे आणि वातानुकूलन यांचे किमान दर्जे ठरविले आहेत. नकाशा कागदावर असतानाच ते पाळले, तर खर्च कमी येतो.

जुन्या इमारतींनाही उपाय आहेत. चोकसह सुमारे ५० वॉट खाणाऱ्या नळीदिव्याऐवजी २० वॉटचा एलईडी दिवा लावावा. असे १०० दिवे रोज ८ तास, वर्षातून ३०० दिवस जळले, तर ७,२०० युनिटे, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक कोळसा वाचतो. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. गच्चीला पांढरा लेप द्यावा, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करावी.

आणि सायंकाळी शेवटी निघणाऱ्याने कळ बंद करावी. या शेवटच्या उपायाला तर दमडीही लागत नाही.