होडी पाण्यात उतरल्यानंतरचे कागद

कोकणात दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत, जोग नदीच्या मुखाशी नांगरलेल्या मच्छीमारी नौकांबद्दल सरकारदरबारी बरेच काही नोंदलेले असते. नौका कोणाची, नोंदणी क्रमांक कोणता, लांबी-रुंदी किती, इंजिन किती अश्वशक्तीचे, हे सगळे कागदावर सापडते. तिच्या बुडाची कोणती फळी कधी बदलली, जुने इंजिन काढून नवे बसवताना खालचा पाया कसा भक्कम केला, पंखा तोच ठेवला की दुसरा घेतला, हे मात्र सहसा कुठेही लिहिलेले नसते. ते मिस्त्रीच्या आणि तांडेलाच्या डोक्यात असते. मोटारी, विमाने, पंप बनवणाऱ्या कंपन्या नेमकी ही दुसऱ्या प्रकारची माहिती सांभाळायला पाण्यासारखा पैसा ओततात. कल्पना सुचल्यापासून वस्तू भंगारात जाईपर्यंत तिचे नकाशे, सुट्या भागांच्या याद्या, त्यांत झालेले बदल आणि त्या बदलांना कोणी संमती दिली याचा हिशेब एका जागी ठेवण्याच्या या कामाला उद्योगजगत ‘प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट’, थोडक्यात पीएलएम म्हणते. या सगळ्या पसाऱ्यात मूळ नकाशापेक्षा बदलांची नोंद अधिक मोलाची असते, आणि तिची गरज कारखान्याइतकीच खाडीतल्या होडीलाही आहे, असे माझे म्हणणे आहे.

नकाशाचे मोल कमी आहे असे नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या लढाऊ जहाजाची हकीकत त्यासाठी पुरेशी आहे. ब्रिटिश नौदलाने 1812 मध्ये या फ्रिगेटची मागणी नोंदवली. तिचा आराखडा मुळात इंग्रजांचा नव्हताच; 1782 मध्ये पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच जहाजाची मापे घेऊन तो तयार झाला होता. मुंबईकडे निघालेले नकाशे ‘जावा’ या जहाजावर होते, आणि 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवून नष्ट केले. नकाशांची दुसरी प्रत यावी लागली. बांधणी 1816 मध्ये सुरू झाली आणि जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागाचे हे जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरले. वाडियांचे कारागीर काही नवशिके नव्हते. जहाजे बांधण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. तरी त्यांना थांबावे लागले, कारण हे जहाज दुसऱ्याच्या ताफ्यात, दुसऱ्यांच्या सुट्या भागांसह चालायचे होते. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे.

नकाशा हाती असूनही घोटाळा कसा होतो, हे एअरबसच्या ए-380 विमानाने दाखवून दिले. एका विमानात सुमारे 530 किलोमीटर तारा. विमानाचे भाग बनत होते वेगवेगळ्या देशांत, आणि जर्मनीतले अभियंते आरेखनासाठी ‘कॅटिया’ प्रणालीची जुनी आवृत्ती वापरत होते, तर फ्रान्समधले नवी. एकीकडे झालेला बदल दुसरीकडे धडपणे पोहोचेना. हॅम्बुर्गहून आलेल्या तारांचे जुडगे तुलूझला जोडणीच्या वेळी अपुरे पडू लागले. 2006 मध्ये कंपनीला वेळापत्रक पुन्हापुन्हा पुढे ढकलावे लागले, आणि पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडायला ऑक्टोबर 2007 उजाडला. नकाशे भरपूर होते. कोणता ताजा, याबद्दल एकवाक्यता नव्हती. अशा गोंधळावर उतारा म्हणून जी सॉफ्टवेअरे जगभर विकली जातात, त्यांतल्या बऱ्याचशांवर पुण्यात काम चालते. ‘कॅटिया’ची मालक दासो सिस्तेम आणि तेव्हा गोदरेज समूहात असलेली जिओमेट्रिक यांनी 2002 मध्ये मिळून काढलेली कंपनी पुण्यातलीच. आंजर्ले तिथून एका दिवसाच्या प्रवासावर आहे, पण या कामाची गंधवार्ता किनाऱ्यापर्यंत पोहोचलेली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. कोकणच्या सुतारांनी कागदाला हात न लावता शतकानुशतके होड्या बांधल्या. पलीकडे हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे, त्याच्या आसऱ्याला असलेले आंग्र्यांचे आरमार काही संगणकावर आखलेले नव्हते. हे खरेच आहे. बुडाची लांबी ठरली की बाकीची मापे तिच्या प्रमाणात काढायची, बाक डोळ्याने जुळवायचा, ही पद्धत उत्तम चालली. पण ती का चालली हे पाहिले पाहिजे. बांधणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा एकाच खाडीकाठी राहत होते. होडीत काय बदलले हे विचारायला चार घरे ओलांडली की पुरे. आता इंजिन बाहेरून येते, फायबरचे सांगाडे दुसऱ्या गावच्या साच्यातून निघतात, नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरातल्या मालकाकडे जाते. जड इंजिन बसले की वजनाचा तोल बदलतो, गिअरबॉक्सचे प्रमाण आणि पंखा एकमेकांशी जुळावे लागतात. नव्या मालकाला यातले काहीच सांगितले गेले नाही, तर तो पैसे मोजून शिकतो. स्मृतीवर चालणारी व्यवस्था माणसे हलली की मोडते, इतकाच याचा अर्थ.

नोंदी आहेतच की, असेही कोणी म्हणेल. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यातल्या हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही मच्छीमारी नौका वापरली, आणि त्यानंतर नोंदणी, ओळखपत्रे, नौकांचे ठरावीक रंग यांवर कडक भर आला. पण त्या नोंदी नौकेची ओळख पटवतात, तिची प्रकृती सांगत नाहीत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने दापोलीचा किनारा झोडपला. अशा वेळी पंचनाम्यात मोडलेले काय हे लिहिता येते. मोडण्याआधी काय होते, त्यावर खर्च किती झाला होता, हे दाखवायला मालकाकडे कागद हवा.

हे सगळे महाग पडेल, हा खर्चाचा आक्षेप मात्र अर्धाच खरा. कारखान्याची महागडी प्रणाली होडीला लागत नाही, हे उघड आहे. दोनशे पानी वही आणि मोबाइलवरचे फोटो पुरतात. अधिक गंभीर शंका कारागिराची आहे: हातची विद्या कागदावर उतरवली की तिचा मालक दुसराच होतो. ती मला रास्त वाटते. म्हणूनच बाक कसा साधला, लाकूड कसे निवडले हे लिहायची सक्ती नको. काय बदलले, कधी, कोणाच्या हातून आणि कशासाठी, एवढेच लिहावे. वही नौकेबरोबर राहावी आणि विक्रीत नव्या मालकाला मिळावी.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि बरीचशी डागडुजी याच सुमारास होते. हर्णै-आंजर्ल्याच्या मच्छीमार संस्थांनी येत्या बंदीकाळात सभासदांना अशी एकेक वही द्यावी आणि पहिले पान मिस्त्रीसमोर बसून भरून घ्यावे.