न्हाणीघरातील फवारा व गृहस्थाचा प्रमाद

आपल्या वार्षिक स्मरणिकेत बाजारपेठ, करपद्धती व धर्मकार्य यांविषयी विचारप्रवर्तक लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीस न्हाणीघरातील फवाऱ्याचा विषय आणून बसविणे काही बंधूंस चमत्कारिक वाटेल. परंतु गतवर्षी आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्यावरून आमची खात्री झाली की, ज्या गोष्टीकडे आपण क्षुल्लक म्हणून पाठ फिरवितो, तीच एके दिवशी आपल्या धर्माची परीक्षा पाहते.

आमचे वास्तव्य भोपाळच्या अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटच्या निकट आहे. येथील भाजीबाजार व दसरा मैदान सर्वश्रुत आहेत. हे शहर तलावांचे. मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला असे परंपरा सांगते व 2011 सालापासून त्यास 'भोजताल' असे नाव मिळाले आहे. पुढे कोलार धरणाचे व त्यानंतर नर्मदेचेही पाणी शहरास मिळाले. तरीही पुष्कळ घरांप्रमाणे आमच्या घरीही जोडीस कूपनलिका आहे आणि तिचे पाणी जड आहे. अशा पाण्यात भूगर्भातील चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले किंवा सुकले म्हणजे ते क्षार घन होऊन मागे उरतात. चहाच्या पातेल्यास व बंबाच्या तळास जे पांढरे पुट बसते, तेच फवाऱ्याच्या बारीक छिद्रांत बसते.

मुलगा व सूनबाई पुण्यास गेल्यापासून आमच्या वरच्या मजल्यावरील न्हाणीघर चार महिने बंद होते. दिवाळीस मंडळी येणार म्हणून ते उघडविले, तो फवाऱ्याची निम्मी छिद्रे बुजलेली, उरलेल्या धारा भिंतीवर आडव्या जात असलेल्या आणि तबकडीच्या कडेने काळसर बुळबुळीत थर चढलेला. आम्हांस घाई होती. संडास धुण्याचे तीव्र आम्ल व कपडे शुभ्र करण्याचे ब्लीचिंगचे द्रावण अशा दोन्ही बाटल्या आम्हीच आणून दिल्या, आणि दोन्ही एकत्र वापरा म्हणजे काम झटपट होईल, असे घरकाम करणाऱ्या बाईंना आम्हीच सांगितले. खिडकी बंद होती, ती उघडण्याचे आमच्या ध्यानातही आले नाही.

थोड्याच वेळात बाई तोंडाशी पदर धरून धावत बाहेर आल्या व जिन्याच्या पायरीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते, खोकला थांबत नव्हता. त्या जुन्या शहराकडील राहणाऱ्या. डिसेंबर 1984 मधील ती रात्र त्यांनी बालपणी पाहिलेली आहे. बोलता येऊ लागल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "बाबूजी, डोळे झोंबले आणि पाय आपोआप दाराकडे वळले." त्यांस त्वरित वैद्यकीय उपचार मिळाले व काही दिवसांत आराम पडला. औषधाचा खर्च व रजेचा पगार आम्ही दिला. परंतु तेवढ्याने खातेवहीतील ती बाकी फिटली असे आमच्या मनास आजही वाटत नाही.

तीव्र आम्ल व ब्लीचिंग यांच्या संयोगाने क्लोरीन वायू निर्माण होतो. 1984 चा वायू निराळा होता. पण क्लोरीनही श्वासनलिकेस दाह करणारा व बंद खोलीत प्राणघातक ठरू शकणारा आहे. ही दोन द्रव्ये कोणत्याही कारणाने एकत्र करू नयेत, एकापाठोपाठ एक तर नाहीच नाही. चुकून तसे घडल्यास सर्व काम टाकून मोकळ्या हवेत यावे व डॉक्टरांकडे जावे. ज्या नगरीने वायूचा प्रलय पाहिला, तेथील गृहस्थाने हे विसरावे, यास काय म्हणावे?

त्या दिवसापासून आम्ही फवाऱ्याचा विचार व्यापाऱ्याच्या दृष्टीने करू लागलो. धान्याच्या कोठारात कीड का पडते, हे आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाही. ओल राहिली म्हणजे बुरशी येते, सोंडा व टोका वाढतो. मग औषधाच्या गोळ्या, धुरी आणि असंख्य जीवांचा संहार ओढवतो. म्हणून सुज्ञ व्यापारी गहू उन्हात वाळवून, ओलाव्याचे प्रमाण शंभरात बाराच्या आत आणूनच थप्पी लावतो. फवाऱ्याची तबकडी ही अशीच एक कोठी आहे. आत पाणी कोंडून राहते, उजेड पोहोचत नाही, क्षारांच्या खरखरीत थरास सूक्ष्म जंतू चिकटतात व त्यांचा बुळबुळीत पडदा तयार होतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नऊ शहरांतील फवारे तपासून 2009 साली असे प्रसिद्ध केले की, फुप्फुसास अपाय करू शकणारे काही जंतू नळाच्या पाण्यापेक्षा फवाऱ्याच्या आतील थरात कितीतरी अधिक आढळले. निरोगी मनुष्यास यापासून सहसा भय नसते. परंतु वृद्ध, दमेकरी व अशक्त माणसांनी ते तुषार श्वासावाटे घेऊ नयेत, हे उत्तम.

येथे काही वडीलधारी मंडळी म्हणतील की, जैनाच्या घरी फवारा हवाच कशाला? अनगळ पाण्याचा असा वर्षाव आपल्या आचारास शोभत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. एका बादलीत स्नान आटोपते, आणि फवारा मिनिटास नऊ-दहा लिटर सोडत असला तर दहा मिनिटांत चार-पाच बादल्या रिकाम्या होतात. आपल्या फवाऱ्याचे माप पाहावयाचे असेल तर त्याखाली बादली ठेवून एक मिनिट घड्याळ पाहावे. आम्ही स्वतः तांब्या-बादलीनेच स्नान करतो. परंतु ज्यांचे गुडघे वाकत नाहीत अशा वृद्धांस उभ्याने किंवा खुर्चीवर बसून घेतलेले तुषारस्नान सुखाचे पडते, आणि नव्या पिढीच्या घरांतून फवारा आता जाणार नाही. तेव्हा तो राहणारच असेल तर विवेकाने राहावा.

आपल्या पूर्वजांनी पाणी गाळण्यास दुहेरी जाड वस्त्र सांगितले, गाळलेल्या पाण्यास मुहूर्ताची म्हणजे 48 मिनिटांची मर्यादा घातली आणि जिवाणी मूळ जलस्थानी हळुवार परत पोहोचविण्यास सांगितले. गाळणे वेळच्या वेळी पिळून वाळवावे, हा त्याच आचाराचा भाग होय. आज मात्र कित्येक घरी नळास फडक्याची पिशवी बांधली जाते व ती महिनोन्‌महिने ओलीच लोंबत राहते. जीवरक्षणासाठी बांधलेले वस्त्रच मग जीवोत्पत्तीचे स्थान होते. फवाऱ्याचीही तीच कथा. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादास आरंभीच स्थान दिले आहे, त्याचा अर्थ आम्हांस जिन्यावरील त्या दिवशी उमगला. चार महिन्यांची हेळसांड व अर्ध्या तासाची घाई, हे दोन्ही प्रमादच होते.

आता प्रत्यक्ष निगा कशी राखावी, ते सांगतो.

स्नान आटोपल्यावर फवाऱ्याची तबकडी किंचित तिरपी करून आतील पाणी निथळू द्यावे व कोरड्या फडक्याने पुसावी. हातात धरावयाचा फवारा असेल तर त्याच्या नळीस वेटोळे पडू देऊ नये, त्यात पाणी साचते. खिडकी उघडी ठेवावी. ज्या तबकडीची छिद्रे रबरासारखी मऊ असतात, ती अंगठ्याने चोळताच क्षार गळून पडतात.

महिन्यातून एकदा तबकडी फिरवून काढावी, आतील बारीक जाळी धुवावी व वाळवावी. पुन्हा बसविताना आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. बंद फवारा थेंब थेंब गळत असेल तर बहुधा नळाचे वॉशर झिजलेले असते. अल्प मोलाच्या त्या चकतीकरिता दररोज कित्येक तांबे पाणी वाया जाऊ देणे व्यापाऱ्यास शोभत नाही.

पुटे बसलीच, तर लिंबूसत्त्व पुरेसे आहे. शिरका पुष्कळांच्या घरी येत नाही. लिंबूसत्त्व कोणत्याही किराणा दुकानात मिळते. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून त्यात काढलेली तबकडी अर्धा तास बुडवून ठेवावी. तबकडी निघत नसेल तर तेच पाणी पिशवीत भरून ती रबराने बांधावी. बारीक बुडबुडे येतात, ते क्षार विरघळत असल्याची खूण. मग जुन्या दातांच्या ब्रशाने घासून व छिद्रांत टोचणी फिरवून स्वच्छ पाण्याने धुवावे. सोनेरी किंवा रंगीत मुलाम्याच्या वस्तूस हे पाणी लावू नये. तसेच संगमरवर व आपल्याकडील घरोघरची कोटा फरशी या मुळात चुन्याच्याच जातीच्या असल्यामुळे आम्लाने त्यांचीही झिलई जाते. थेंब पडल्यास लगेच धुवावेत.

न्हाणीघर बरेच दिवस बंद असेल तर प्रथम खिडकी उघडावी, तबकडी काढून नळ काही मिनिटे मोकळा वाहू द्यावा व ते पाणी बादल्यांत धरून फरशीस वापरावे. चातुर्मासापूर्वी व दिवाळीपूर्वी ही तपासणी अवश्य करावी. पावसाळ्यात ओल अधिक व जीवोत्पत्तीही अधिक.

आमच्या वरच्या न्हाणीघराची किल्ली आता खिळ्यास लटकत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही स्वतः जिना चढून खिडकी उघडतो, फवारा पुसतो व नळ वाहवून येतो. आमच्या घरी काम करणाऱ्या बाई अद्यापि आहेत. गेल्या दिवाळीस त्यांनी लिंबूसत्त्वाची पुडी आमच्या हातून घेतली, प्रथम वास घेऊन पाहिला आणि मगच पाण्यात टाकली. त्यांची ती सावधगिरी आम्हांस धर्मोपदेशाइतकीच मोलाची वाटली. आपल्या बंधुभगिनींच्या घरी असा प्रसंग न येवो, एवढ्याच हेतूने आमची चूक येथे उघड केली आहे. वाचकांनी न्यूनाधिकाची क्षमा करावी.