बेटावर घर मांडताना : मॉरिशसचा धडा

मिरजगाव (ता. कर्जत) : आपला कर्जत तालुका कमी पावसाचा. ज्या वर्षी ज्वारी हाती लागत नाही, त्या वर्षी बाजारही बसतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की शिंप्याकडे कापड येत नाही, गवंड्याला काम मिळत नाही आणि दुकानदाराची उधारी वसूल होत नाही. म्हणून पोटासाठी गाव सोडणे आपल्याकडे नवे नाही. पुणे-मुंबई झाली की नजर परदेशाकडे जाते. परंतु परमुलखात रोजी मिळणे वेगळे आणि तिथे घर मांडणे वेगळे. हा फरक समजून घ्यायचा असेल तर मॉरिशस बेटाचे उदाहरण आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावे, असे आम्हाला वाटते. कारण तिथे जी घरे उभी राहिली त्यांतली काही मराठी माणसांची आहेत.

मॉरिशस हा हिंदी महासागरातला छोटा देश. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला नगर जिल्हा त्याच्या नऊपट मोठा! लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. त्यात मुसलमान सुमारे १७ टक्के आहेत.

गिरमिटाचे घर

गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. इंग्रज सरकारने १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात केली. या कराराला आपले लोक 'गिरमिट' म्हणत. पुढच्या सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे तिथे उतरली. बिहार आणि मद्रासकडचे लोक जास्त होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील मराठी माणसे होती. ज्या ठिकाणी ही माणसे बोटीतून उतरून कागदावर चढली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

या मजुराला महिना पाच रुपयांच्या आसपास पगार आणि तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा मिळे. राहायला मळ्यातच खोपटे असे. वरवर पाहता सोय चांगली. पण ते खोपटे मळेवाल्याचे होते. काम सुटले की छप्परही सुटले. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत होती. मुदत संपलेल्या जुन्या मजुरालाही परवान्याशिवाय फिरता येत नसे. परवाना जवळ नसला तर भटका म्हणून पकडत. म्हणजे माणूस बेटावर वर्षानुवर्षे राहत होता, पण त्याचे घर तिथे नव्हते.

स्वतःच्या नावाची जागा

हे चित्र पालटले ते जमिनीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत साखरेचा धंदा मंदावला. मळेवाल्यांना पैशाची निकड भासू लागली, म्हणून त्यांनी हलक्या जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. घेणारे कोण? तर हेच जुने मजूर. कुणी गाय पाळून दूध विकले होते, कुणी परसात भाजीपाला केला होता, कुणी पगारातली पै-पै बाजूला टाकली होती. तुकडा लहान, बहुधा हप्त्याने घेतलेला. पण कागद आपल्या नावाचा! त्या तुकड्यावर घर झाले, घरामागे ऊस लागला आणि मुले शाळेत गेली.

बेटाच्या पश्चिमेकडील कास्काव्हेल हे गाव आजही मराठी वस्तीचे म्हणून ओळखले जाते. १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण मिळते. एवढ्या पिढ्यांनंतर भाषा टिकली, त्यामागे सणवार आणि शाळा यांच्याबरोबर स्वतःच्या मालकीचे घरही आहे.

मजुरांपाठोपाठ व्यापारीही आले. कच्छ आणि सुरतेकडच्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी पोर्ट लुईत धान्याचा व कापडाचा धंदा उभा केला. तेथील जुम्मा मशीद १८५० च्या दशकात या व्यापाऱ्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. जिथे कायम राहायचे तिथे दुकानाबरोबर मशीदही बांधायची, हे त्यांनी ओळखले होते.

पाऊस आणि वारा

आपल्याकडे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे बरे वर्ष. मॉरिशसच्या मधल्या पठारावर तीन हजारांहून अधिक पडतो आणि पश्चिम किनारा त्या मानाने कोरडा असतो. म्हणजे एवढ्याशा बेटावरही घर कुठे घेता याला महत्त्व आहे.

वाऱ्याचा प्रश्न याहून मोठा. फेब्रुवारी १९६० च्या अखेरीस 'कॅरोल' नावाचे चक्रीवादळ आले आणि गवती छपरांची, लाकडाची व पत्र्याची हजारो घरे उडाली. त्यानंतर लोक सिमेंटच्या स्लॅबकडे वळले. पुराचे संकटही आहेच. मार्च २०१३ मध्ये पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुरात ११ जण दगावले. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाच्या वेळी त्याच शहरात मोटारी वाहून गेल्या. सखल भागात दुकान घेणाऱ्याने माल जमिनीवर ठेवू नये, फळी उंच लावावी. नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळाचे महिने. इशारे रेडिओवर येतात. त्या काळात घरात पाणी, कोरडा शिधा आणि कंदील असावा.

कारागिरांनी ध्यानात ठेवावे

• ऋतू उलटे आहेत. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा, जुलैत थंडी. कापडवाल्याने हिशेब त्याप्रमाणे बदलावा.

• दमट, खारी हवा लोखंड खाते आणि चामड्याला बुरशी आणते. शिलाई मशीन, कात्र्या व हत्यारे तेल लावून, झाकून ठेवावीत.

• बाजारात क्रिओल व फ्रेंच बोलतात, सरकारी कागद बहुधा इंग्रजीत असतो. कामापुरती क्रिओल लवकर शिकावी. गिऱ्हाईक भाषेने जोडले जाते.

• तांदूळ व पीठ बाहेरून बोटीने येते. भाडे आणि किराणा यांचा खर्च वजा करूनच पगाराचा आकडा पाहावा.

• आपल्याकडे मुसल्ला पश्चिमेकडे अंथरतो. तिथे किबला उत्तरेला, थोडा पश्चिमेकडे झुकलेला आहे. नव्या घरात ही दिशा पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी.

आजचा करार

आज मॉरिशसच्या कापड कारखान्यांत व बांधकामावर भारत, बांगलादेश अशा देशांचे कामगार करारावर जातात. कायदे बदलले, पगार बदलला. पण राहण्याची जागा आजही बहुधा मालकाच्या वसतिगृहात असते आणि कामाचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. परदेशी माणसाला तिथे सरकारी मंजुरीशिवाय जमीन घेता येत नाही. १९७५ चा तसा कायदाच आहे. तेव्हा जुन्या मजुरांना जो मार्ग सापडला, तो आजच्या करारी कामगाराला सहज खुला नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणारा एजंट १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे आधी तपासावे. करार समजेल त्या भाषेत वाचून घ्यावा. त्यात पगार, कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट यांचा उल्लेख हवा. त्याची एक प्रत घरी ठेवावी. पासपोर्ट गहाण टाकल्यासारखा दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आणि सावकाराकडून मोठी रक्कम उचलून जाऊ नये. पहिली दोन वर्षे व्याज फेडण्यातच जातात.

करारावर जाणाऱ्याने हे ओळखावे की त्याचे घर तिथे नसून इथे आहे. वसतिगृहातली खाट सोयीची असली तरी ती मुदतीची. तेव्हा दर महिन्याच्या कमाईचा ठरावीक हिस्सा गावाकडे यावा आणि त्यातून जागा, मशीन किंवा दुकानाचा गाळा उभा राहावा. तोही घरातल्या माणसाच्या नावावर, पक्क्या कागदाने. मॉरिशसच्या मजुराने पै-पै साठवून आधी जमिनीचा तुकडा घेतला, नंतर भिंती उभारल्या. बांधवांनी हाच क्रम धरावा.